दोरखान्याच्या दारातली उंची

आमच्या ह्यांनी मला आयुष्यात पहिला प्रश्न विचारला तो उंचीचा. मी तेव्हा वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसायचे. चष्म्याची काडी सैल झाली म्हणून हे आले. मी स्क्रू आवळून चष्मा परत दिला, तो त्यांनी नाकावर चढवला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमची उंची किती हो?" मी सांगितली, पाच फूट चार. एवढ्यावर माणसानं थांबावं की नाही? "आणि आईची?" पाच फूट एक. "आजीची माहीत आहे?" एव्हाना वडील आतून बाहेर आले होते, कारण प्रकरण काडीपुरतं राहिलेलं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. वर्षाच्या आत आमचं लग्न झालं. आजीची उंची मात्र शेवटपर्यंत मिळाली नाही आणि त्याची हळहळ ह्यांना अजून आहे.

हे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. पण शिकवणं हे पोटापाण्याचं. खरं वेड आर्थिक इतिहासाचं, तेही मोजून सांगायच्या इतिहासाचं. नव्या नवलाईच्या दिवसांत मी कौतुकानं विचारलं होतं की म्हणजे नेमकं काय करता. त्यावर हे म्हणाले, "हे बघ, मोठी माणसं काय बोलली ते लिहून ठेवायला पदरी माणसं होती. राबणाऱ्याच्या पोराला पोटभर मिळत होतं का, हे कुणी लिहिलं नाही. मग ते आता कशावरून काढायचं?"

"कशावरून?"

"उंचीवरून."

मग त्यांनी मला ते समजावलं, आणि त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजावलं, त्यामुळे मला पाठच झालं आहे. लहानपणी पोटाला मिळालं आणि फार दुखणी आली नाहीत तर मूल नीट वाढतं, नाहीतर खुरटतं. एकट्यादुकट्या माणसाची उंची काही सांगत नाही, ती आईबापांवर जाते. पण हजारो माणसांची सरासरी काढली आणि ती त्यांच्यानंतर वीस वर्षांनी जन्मलेल्या हजारोंशी ताडून पाहिली, तर दोन्ही पिढ्यांच्या ताटात काय पडलं होतं त्याचा अंदाज येतो. तो अंदाज कुणाच्या आठवणीवर किंवा भाषणावर अवलंबून राहत नाही. यात ह्यांचा जीव अडकला होता. पोरांनी ह्यांचं नाव ठेवलं होतं फूटपट्टी सर, आणि ते ह्यांना माहीत होतं, आवडतही होतं.

आमच्या गावाला बंदर आहे आणि बंदराला लागून जहाजांचे दोर वळण्याचा जुना कारखाना. गावात सगळे त्याला दोरखानाच म्हणतात. बंद पडून जमाना झाला. पण चालत होता तेव्हा भरतीच्या दिवशी प्रत्येक गडी दारात उभा करून मोजला जायचा. याचं कारण साधं होतं. ओला जाड दोर खांद्यावर घेऊन रांगेनं चालायचं, तर रांगेतली माणसं साधारण एका उंचीची हवीत, नाहीतर सगळा भार उंच माणसावर येतो. म्हणून नाव, गाव, वय, उंची आणि ओळखीची खूण असं सगळं नोंदवहीत लिहायचे. कारखाना कोर्टकज्ज्यात अडकून त्याच्या दाराला सील लागलं, तेव्हा या वह्या कॉलेजच्या तळघरात येऊन पडल्या, आणि मग हेही त्या तळघरात जाऊन पडले म्हणा ना.

मी दुकान सांभाळलं, लेकीला वाढवलं, सासूबाईंची आजारपणं काढली. ह्यांनी त्या वेळात गेलेल्या माणसांच्या उंच्या उतरवून घेतल्या. मी तक्रार करत नाही, वस्तुस्थिती सांगते. लेकीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात हे शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना वह्यांतल्या आळशी कारकुनाची गोष्ट सांगत बसले होते. हा कारकून म्हणे अर्धा इंच कधी लिहीतच नसे, सगळ्यांना पूर्ण इंचात बसवायचा. ह्यांनी त्याला अक्षरावरून पकडला होता आणि त्याच्या नोंदींचा दोष गणितानं काढून टाकला होता. गडी मोजताना पायताण काढत होते की नाही, याचाही छडा लावला होता. काढत होते. चांगली धट्टीकट्टी पोरं दुसरीकडे कामाला जात होती का, तेही बघून झालं होतं. शंका घेण्यात ह्यांचा हात कुणी धरणार नाही. बाजारातून भाजी आणली तरी हे वजनकाट्याची हकिकत विचारतात.

आणि एवढं सगळं करून इतक्या वर्षांच्या शेवटी हाती आली एक रेघ. कागदावर डावीकडून उजवीकडे हळूहळू खाली उतरणारी. दोरखान्याची भरभराट झाली ती चाळीस वर्षं. त्याच काळात गावात घड्याळाचा मनोरा झाला, वाचनालय झालं, बँड उभा राहिला. गावाचा सुवर्णकाळ म्हणून शाळेत शिकवतात तो हाच काळ. आणि त्याच चाळीस वर्षांत दोरखान्यात भरती व्हायला येणारा तरुण गडी सरासरीनं एक इंच बुटका झाला होता. मनोरा वर चढत होता आणि माणूस खाली. ह्यांनी ती रेघ मला दाखवली तेव्हा ह्यांचे डोळे भरून आले होते. "ही पोरं उपाशी होती गं," म्हणाले, "आणि कुणाला पत्ताही नव्हता."

लेख छापून आला. दोन जाडजूड पुस्तकांच्या तळटिपांत त्याचा उल्लेख झाला. दोन्ही पुस्तकं आम्ही विकत घेतली आणि त्या पानांवर खुणेला कागद घातले. बढती काही मिळाली नाही, ती खाली मान घालून बसणाऱ्याला कुठे मिळते म्हणा. हे निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते चालत नव्हतं.

आणि मग दोरखान्याचं कुलूप निघालं. खटला मिटला, तिथे संग्रहालय करायचं ठरलं. संग्रहालयाच्या बाई तरुण आणि उत्साही. त्यांनी तो लेख वाचला होता. घरी येऊन म्हणाल्या, "सर, आत शिरल्याबरोबर समोरची अख्खी भिंत तुमच्या रेघेला द्यायची आहे. खाली तुमचं नाव." हे म्हणाले, नावाबिवाचं मला काही नाही. आणि दुसऱ्या दिवशी नवा शर्ट शिवायला टाकून आले. रेघ किती जाड असावी ते ठरवायला छापखान्यात स्वतः जाऊन आले, हे मला छापखानेवाल्याकडून कळलं. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. आयुष्यभर तळघरात बसलेल्या माणसाचं नाव भिंतीवर लागणार होतं, आणि तेही दारातून आत आल्याबरोबर.

उद्घाटनाला पंधरा दिवस राहिले असतील. बाईंनी आम्हाला तयारी पाहायला बोलावलं. इतक्या वर्षांत दोरखान्याच्या आत पाऊल टाकण्याची आमची पहिलीच वेळ. दरवाज्यातच, उजव्या हाताच्या भिंतीला, लोखंडाची जुनी मोजपट्टी ठोकलेली होती. तीच, जिच्याखाली सगळे गडी उभे राहिले होते. हे तिच्याकडे पाहत उभेच राहिले. मग म्हणाले, "तू उभी राहा, फोटो काढतो."

मी चपला काढल्या, पाठ टेकवून ताठ उभी राहिले. ह्यांनी माझ्या डोक्यावर वही आडवी धरली, आकडा वाचला आणि हसले. "पाच फूट अडीच. खचलीस की गं."

आता मी एरवी ह्यांच्या गमती सोडून देते. पण माझ्या उंचीला मी जपते. "मुळीच नाही," मी म्हटलं. "गेल्याच महिन्यात डॉक्टरांकडे मोजलीय, पाच फूट चार. तुम्ही उभे राहा बघू." हे उभे राहिले. मी वही धरली. हेही बरोबर दीड इंचानं कमी भरले.

आम्ही दोघांनी एकदमच खाली पाहिलं. पट्टीखाली उंबऱ्याचा मोठा चौकोनी दगड होता, आणि तो मधोमध झिजून ताटासारखा खोलगट झाला होता. कामाला येणारा जाणारा प्रत्येक माणूस त्याच्यावर पाय देऊन गेला होता, आणि मोजायचा माणूसही त्याच खळग्यात उभा केला जात होता. पट्टी भिंतीला पक्की होती. दगड मात्र दरवर्षी खाली जात होता.

हे खाली बसून दगडावरून हात फिरवत राहिले. मला ते लगेच कळलं नाही, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, म्हाताऱ्या दगडाचं कौतुक चाललंय. घरी आल्यावर ह्यांनी चहा घेतला नाही तेव्हा माझी ट्यूब पेटली. गडी बुटके होत नव्हते. दगड झिजत होता. कारकुनाच्या अक्षरापासून गड्याच्या पायताणापर्यंत सगळ्यावर संशय घेऊन झाला होता. फक्त ज्या जागी उभं करून मोजलं, ती जागा ह्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

"पण तो कधी झिजला कुणाला ठाऊक," मी म्हटलं. "नंतरही झिजला असेल. त्या चाळीस वर्षांनंतरही कारखाना चालूच होता की."

"असेल. नसेलही."

"मग सोडून द्या ना. तुमच्या माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? भिंत छापून तयार आहे. शर्ट शिवून आलाय."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी वजनकाट्यात दगड टाकला होता. पण मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. भिंतीवर रेघ राहिली असती तर कुणाचं काय बिघडणार होतं? मी ते ह्यांना दोन दिवस वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. तिसऱ्या दिवशी हे सकाळी सगळ्या वह्यांच्या नकला जेवणाच्या टेबलावर मांडून बसले आणि म्हणाले, "परत आलेली माणसं शोधायची."

त्यातली मेख अशी. काही गडी नोकरी सोडून जायचे आणि पाचसात वर्षांनी परत भरती व्हायचे. तेव्हा त्यांना पुन्हा मोजत. पंचविशी ते चाळिशीच्या मधला माणूस वाढतही नाही आणि खचतही नाही. अशा माणसाची दुसरी मोजणी पहिलीपेक्षा कमी भरली, तर ती त्याची करणी नव्हे, दगडाची. असे पुरेसे गडी सापडले, की दगड कोणत्या वर्षांत किती झिजला ते त्यांच्याच तोंडून कळेल.

दुकान मी लेकीवर सोपवलं आणि ह्यांच्यासमोर बसले. ह्यांच्यावर रागावलेली होतेच, पण एकट्यानं हे काम संपलं नसतं. सारख्या नावाची माणसं ढिगानं, म्हणून नावापेक्षा खुणांवर भर. मी खुणा वाचायची, हे दुसऱ्या वहीत शोधायचे. डाव्या भुवईवर व्रण. उजव्या हाताला करंगळी नाही. मानेवर डाग. मला त्यात गंमत वाटायला लागली, हे मला त्यांच्यापासून लपवावं लागलं. एक गडी तर तीनदा नोकरी सोडून तीनदा परत आला होता. बायकोशी बिनसलं की जहाजावर जात असणार असा माझा तर्क. आणि दर खेपेला थोडा बुटका होऊन परत यायचा. मी हसले. मग ह्यांचा चेहरा पाहून गप्प झाले, कारण त्या गड्यानं ह्यांचा निकाल लावला होता.

आठवड्याच्या शेवटी दीडशेच्या आसपास माणसं जमली. ह्यांनी त्यांचं गणित मांडलं, दगडाची झीज दर दहा वर्षांना किती ते काढलं आणि आपल्या रेघेतून ते वजा केलं. खाली उतरणारी रेघ उठून सरळ झाली. पार आडवी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच उंचीची. ह्यांनी पेन्सिल ठेवली. आता हे कोसळणार म्हणून मी जवळ गेले, तर म्हणाले, "बरं झालं. मला वाटत होतं तेवढी उपाशी नव्हती ती पोरं." ह्यांना खरोखर बरं वाटलं होतं. मला मात्र रडू आलं, ह्यांच्या वाटचं.

संग्रहालयाच्या बाईंना हे स्वतः जाऊन सांगून आले. बाई मटकन खाली बसल्या. पत्रिका वाटून झाल्या होत्या. भिंतीवरची रेघ रातोरात काढावी लागली आणि तिथे नुसता पडदा लावला. बाई म्हणाल्या, "निदान कार्यक्रमात दोन शब्द बोला सर, नाहीतर मी लोकांना काय सांगू?" हे हो म्हणाले. नवा शर्ट घातला तो त्या दिवशी.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत दोरखान्याच्या मालकांचे नातू. सत्तरी उलटली तरी गाव त्यांना धाकटे मालकच म्हणतं. हे उठले आणि नोट्सकडे न पाहता बोलले. "मी इतकी वर्षं लिहीत आणि शिकवत आलो, की दोरखान्याच्या भरभराटीत इथले गडी खुजे होत गेले. ते चूक होतं. गडी नव्हे, त्यांच्या पायाखालचा दगड कमी झाला होता. तो पाहायला मी आधी आलो नाही. दारात दगड आहे, प्रत्येकानं उभं राहून बघा." माझे कान तापले होते. मागच्या रांगेत ह्यांचे दोन जुने विद्यार्थी एकमेकांकडे बघत होते आणि मला त्यांचे कान पिळावेसे वाटत होते.

तेवढ्यात धाकटे मालक प्रसन्न चेहऱ्यानं उभे राहिले. "सरांचा मोठेपणा आहे," म्हणाले. "म्हणजे आमच्या वाडवडिलांनी सगळ्यांची भरभराट केली, हे आज सरांनीच सिद्ध केलं. टाळ्या वाजवा." लोकांनी हात उचललेही होते.

"थांबा हो," हे म्हणाले. "तसं नाही ते. खुजे झाले नाहीत, एवढंच खरं. पण उंचही झाले नाहीत. चाळीस वर्षांत दोर चौपट निघायला लागला, मनोरा झाला, वाचनालय झालं. आणि अखेरीला भरतीला येणारा पोरगा सुरुवातीला आलेल्या पोराएवढाच. केसभरही जास्त नाही. घरात जास्त आलं असतं, तर पोर वाढलं असतं." मग जरा थांबून, अगदी सहज, जसं कुणालाही विचारतात तसं ह्यांनी विचारलं, "तुमच्या आजोबांची उंची किती होती?"

"पाच फूट सहा," धाकटे मालक म्हणाले. घराण्याचा विषय निघाल्यानं त्यांना आनंदच झाला. "वडील पाच-नऊ. मी तरुणपणी पाच-अकरा. आमच्यात प्रत्येक पिढी वरचढ."

लोकांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. धाकट्या मालकांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच खाली बसले.

"अर्थात तीन माणसांवरून काही सिद्ध होत नाही," हे घाईघाईनं म्हणाले. "तेवढा नमुना फार लहान आहे." ते त्यांनी मनापासून सांगितलं. पण तोवर सभागृहाला जे समजायचं ते समजलं होतं.

आडवी रेघ शेवटी लागली, पण समोरच्या भिंतीवर नाही. तिथे आता जहाजाचं मोठं चित्र आहे. रेघ आहे स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात ह्यांचं नाव. खाली उतरणारी रेघ पाहून लोक हळहळले असते, चुकचुकले असते. आडव्या रेघेपुढे कोण थांबणार? रविवारी हे तिथे जाऊन उभे राहतात. मीही जाते अधूनमधून, डबा घेऊन. लोक येतात आणि जातात, ह्यांना तिथला नोकर समजून वाट विचारतात.

गेल्या रविवारी एका घाईतल्या माणसानं विचारलं, "स्वच्छतागृह कुठे आहे हो?" बंदरावर माल चढवणाऱ्यांपैकी असावा, खांदे तसे होते. ह्यांनी बोट दाखवलं आणि तो निघणार तोच म्हणाले, "ही रेघ पाहिलीत का?" मी मनात म्हटलं, मेला बिचारा. पण तो थांबला. ह्यांनी त्याला सांगितलं, थोडक्यात, म्हणजे ह्यांच्या मानानं थोडक्यात. दोर चौपट, चाळीस वर्षं, आणि पोरांची उंची होती तेवढीच.

"काहीच फरक नाही?"

"काहीच नाही."

त्यानं रेघेकडे पाहिलं. मग बोटानं तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, कुठेतरी थोडी तरी वर जात असेल म्हणून. "मग तो जास्तीचा दोर ओढला त्याचं सगळं गेलं कुठे?" त्यानं विचारलं. जायचं होतं कुठे, ते तो विसरलाच होता.

ह्यांचा चेहरा जसा उजळला, तसा लग्नातही उजळला नव्हता. "बसा," हे म्हणाले, आणि माझी खुर्ची त्याला दिली.